शिकागोचे फादर जॉन कोचुरोव: क्रांतीच्या पहिल्या आठवड्यातला हुतात्मा

प्रश्न असा आहे: "ऑक्टोबर क्रांतीत मारले गेलेले पहिले रशियन धर्मगुरू आधी शिकागोत होते असं वाचलं. हे खरं आहे का? मग ते परत का गेले? आणि त्यांना राजकारणापायी मारलं की धर्मापायी?"

खरं आहे. त्यांचं नाव फादर जॉन कोचुरोव, रशियन उच्चाराप्रमाणे इओआन कोचुरोव. रशियन क्रांती आणि तिथल्या चर्चचा इतिहास मी बरीच वर्षं शिकवतो आहे. हा विषय निघाला की विद्यार्थी थेट गोळीबाराच्या सकाळपाशी पोहोचतात. माझा आग्रह उलटा असतो. आधी त्यांची शिकागोतली बारा वर्षं नीट बघा. तो माणूस तिथे काय करत होता हे कळलं नाही, तर शेवटच्या दिवशी तो घरात दडून का बसला नाही हेही कळणार नाही.

त्यांचा जन्म 13 जुलै 1871 चा, रियाझान प्रांतातल्या बिगिल्दिनो-सुर्की या खेड्यातला. वडील तिथलेच धर्मगुरू. त्या काळच्या रशियात धर्मगुरूंची घराणीच असायची. मुलगा बापाच्या वाटेने जायचा. जॉनही तसेच गेले: दान्कोवची धार्मिक शाळा, रियाझानची सेमिनरी, मग सेंट पीटर्सबर्गची थिऑलॉजिकल अकादमी. 1895 मध्ये ते अकादमीतून बाहेर पडले, अलेक्झांड्रा चेर्निशेवा यांच्याशी लग्न केलं आणि त्याच वर्षी 27 ऑगस्टला त्यांची धर्मगुरू म्हणून दीक्षा झाली.

लग्न केलेला फादर, हे वाचून आपल्याकडचे वाचक थबकतात. वसईत किंवा गोव्यात आपण बघतो ते फादर कॅथलिक, म्हणजे अविवाहित. ऑर्थोडॉक्स, म्हणजे पोपला न मानणाऱ्या पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेत गावातला साधा धर्मगुरू बहुधा संसारी असतो. अट एवढीच की लग्न दीक्षेच्या आधी झालेलं असावं. बिशप मात्र अविवाहित संन्याशांमधूनच निवडले जातात. हा फरक इथेच सांगून ठेवतो, कारण कोचुरोव यांचं अमेरिकेतलं जवळजवळ सगळं काम याच मुद्द्याभोवती फिरतं.

अकादमीतून पहिल्या काही जणांत येणाऱ्या तरुणाला राजधानीत चांगली जागा मिळू शकली असती. त्यांनी स्वतःहून अमेरिकेतलं मिशन मागितलं. अलास्का रशियाने 1867 मध्येच विकून टाकला होता, पण तिथली ऑर्थोडॉक्स बिशपगादी सुरू होती आणि तिचं लक्ष आता खाली, अमेरिकेच्या कारखान्यांच्या शहरांकडे वळलं होतं. कोचुरोव यांना शिकागोतलं सेंट व्लादिमिर चर्च मिळालं.

चर्च म्हणजे काय होतं? भाड्याच्या घराचा एक भाग. त्याच घरात फादरांचं बिऱ्हाड. घर जुनं, ओल धरलेलं. शिवाय शिकागोपासून 94 मैलांवर, म्हणजे सुमारे दीडशे किलोमीटरवर, स्ट्रीटर नावाचं कोळशाच्या खाणींचं गाव होतं. तिथलं 'थ्री हायरार्क्स' चर्चही त्यांच्याकडेच. आज इथे लिटर्जी, म्हणजे मुख्य उपासना, उद्या तिथे कुणाचा बाप्तिस्मा, परवा खाणीत दगावलेल्याचं दफन. हे सगळं रेल्वेने ये-जा करून.

आणि मंडळी कोण? 1898 मध्ये कोचुरोव यांनी मिशनच्या मासिकात आपल्या पॅरिशचं, म्हणजे चर्चच्या मंडळीचं, वर्णन केलं आहे. रशियातून आलेले थोडेच. बाकी गॅलिशिया (तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतला प्रांत) आणि हंगेरीतले स्लाव, अरब, बल्गेरियन. जवळजवळ सगळे शहराच्या कडेला राहणारे, अंगमेहनतीवर पोट भरणारे कामगार. स्ट्रीटरला खाणीत उतरणारे स्लोव्हाक. झारच्या दरबाराशी किंवा सरदार-जमीनदारांशी यातल्या कुणाचा काडीचा संबंध नव्हता. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. 'शोषकांचा पाद्री' म्हणून ज्याला पुढे मारलं गेलं, त्याचं उमेदीचं सगळं आयुष्य खाणकामगारांत आणि कारखान्यातल्या मजुरांत गेलं होतं.

या गॅलिशियन आणि कार्पेथियन लोकांची एक वेगळीच अडचण होती. ते मूळचे 'युनिएट', म्हणजे पोपला मानणारे पण पूजाविधी मात्र पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स पद्धतीने करणारे. ऑस्ट्रिया-हंगेरीत त्यांचे धर्मगुरू लग्न करत आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे. अमेरिकेत आल्यावर तिथल्या कॅथलिक बिशपांना हे विवाहित फादर चालेनात. 1889 मध्ये मिनियापोलिसला फादर अलेक्सिस टोथ कामावर रुजू व्हायला गेले, तेव्हा आर्चबिशप जॉन आयर्लंड यांनी त्यांना मान्यताच दिली नाही. टोथ तर विधुर होते, तरीही नाही. शेवटी 1891 मध्ये टोथ आपल्या 361 माणसांसह ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आले आणि ती वाट पुढे हजारोंनी धरली. कोचुरोव यांच्याकडे पहिल्या तीन वर्षांत 86 युनिएट आले. शिकागोत 215 आणि स्ट्रीटरला 88 पुरुष एवढी नोंदलेली मंडळी झाली. आकडे छोटे आहेत. पण परमुलखात, भाड्याच्या ओल्या घरात, माणूस माणूस जोडून उभी केलेली ती पॅरिश होती. मुलांसाठी शाळा चालायची, शाळेच्या दिवसांत शनिवारी आणि सुट्टीत रोज. कामगारांचं एक परस्पर साहाय्य मंडळही होतं. खाणीत कुणी जखमी झाला, मेला, तर घरच्यांच्या हातात चार पैसे पडावेत म्हणून.

मग चर्चची इमारत. कामगारांच्या वर्गणीतून देऊळ बांधताना जी ओढाताण होते ती मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको. कोचुरोव 1900 मध्ये रजा घेऊन रशियात गेले आणि देणग्या गोळा करून आले. स्वतः झार निकोलस दुसरा यानेही पैसे दिले. शिकागोतले उद्योगपती चार्ल्स क्रेन यांनीही दिले. आराखडा केला लुई सलिव्हन यांनी. गगनचुंबी इमारतींच्या जनकांपैकी एक मानला जाणारा हा वास्तुविशारद, आणि त्याने इथे सायबेरियातल्या खेड्यातल्या चर्चसारखी आटोपशीर वास्तू काढली: गिलाव्याच्या साध्या भिंती, अष्टकोनी घुमट, पुढे घंटेचा मनोरा. 31 मार्च 1902 ला कोनशिला बसली आणि पुढच्या वर्षी मार्चमध्ये होली ट्रिनिटी चर्चचं पवित्रीकरण झालं. एकूण खर्च सुमारे 50,000 डॉलर. शिकागोत राहणाऱ्या मराठी मंडळींना सांगावंसं वाटतं, की 'युक्रेनियन व्हिलेज' भागात लेव्हिट स्ट्रीटवर हे चर्च आजही उभं आहे आणि आजही तिथे उपासना होते. एकदा आत जाऊन या. बाहेरून बसकं वाटतं, पण आत घुमटाखाली उभं राहिल्यावर जागा एकदम मोकळी होते.

पवित्रीकरण करणारे बिशप होते तिखोन. हे नाव लक्षात ठेवा. 1898 ते 1907 ते अमेरिकेतल्या रशियन मिशनचे प्रमुख होते आणि कोचुरोव त्यांच्या हाताखालचे खंदे कार्यकर्ते. मग दोघांनीही 1907 मध्येच अमेरिका सोडली.

परत का गेले, याचं उत्तर अगदी घरगुती आहे. सासरे आजारी होते, मोठ्या मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न होता, संसार वाढला होता. कुणी हाकललं नव्हतं, बढतीचा मोहही नव्हता. उलट अमेरिकेत नुकतेच ते प्रोटोप्रिस्ट, म्हणजे ज्येष्ठ धर्मगुरू झाले होते आणि एका विभागाची जबाबदारी अंगावर होती. ती सोडून ते नार्व्हाला गेले. हे शहर आज एस्टोनियात, रशियाच्या सीमेला अगदी खेटून आहे. तिथे जवळजवळ नऊ वर्षं त्यांनी शाळेत धर्मशिक्षण दिलं. या काळाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. शिक्षकाचं रोजचं आयुष्य. नोव्हेंबर 1916 मध्ये त्यांची बदली त्सारस्कोये सेलोला, सेंट कॅथरिन कॅथीड्रलमध्ये झाली. बऱ्याच वर्षांनी पुन्हा पॅरिशचं काम मिळालं. क्रांतीला एक वर्ष उरलं होतं.

त्सारस्कोये सेलो म्हणजे 'झारचं गाव'. पेट्रोग्राडच्या (सेंट पीटर्सबर्गचं तेव्हाचं नाव) दक्षिणेला, राजवाड्यांचं. फेब्रुवारी 1917 नंतर पदच्युत झार आणि त्याचं कुटुंब ऑगस्टपर्यंत इथेच नजरकैदेत होतं. तेव्हा या गावाच्या नावालाच एक वास होता, तो फादर कोचुरोव यांनाही चिकटला.

आता तारखांबद्दल. रशियात तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर होतं, आपल्यापेक्षा 13 दिवस मागे. मी खाली जुन्याच तारखा देतो, कारण चर्चच्या नोंदी त्याच आहेत. 25 ऑक्टोबर 1917 ला लेनिनच्या बोल्शेविक पक्षाने पेट्रोग्राडमध्ये सत्ता घेतली. हंगामी सरकारचा प्रमुख केरेन्स्की निसटला आणि जनरल क्रास्नोव्हचे कोसॅक, म्हणजे घोडदळाचे सैनिक, घेऊन राजधानीवर चालून आला. सैन्य कसलं, काही शे स्वार. 28 ला त्यांनी त्सारस्कोये सेलो घेतलं. 30 ला पुल्कोवोच्या टेकड्यांवर लढाई झाली, समोर बोल्शेविकांचे सशस्त्र कामगार, म्हणजे रेड गार्ड, आणि खलाशी कितीतरी जास्त संख्येने. त्याच दिवशी त्सारस्कोये सेलोवर तोफांचे गोळे पडू लागले.

लोक घाबरून चर्चमध्ये धावले. सेंट कॅथरिनच्या धर्मगुरूंनी खास प्रार्थना केली आणि मग क्रूस, मूर्तिचित्रं घेऊन मिरवणूक काढली, रस्त्यावरून, गोळे पडत असताना. मागणं एकच: भावाभावांतलं हे युद्ध थांबू दे. वाटेत धर्मगुरूंनी लोकांना धीर देणारी भाषणं केली. या प्रसंगाचं पहिलं वर्णन काही दिवसांतच चर्चच्या वर्तमानपत्रात छापून आलं, आणि भाषणांत राजकारणाचा लवलेश नव्हता असं ते बातमीदार मुद्दाम सांगतो. बातमीदार चर्चचाच, तेव्हा ही साक्ष एका बाजूची आहे. तरी ती ग्राह्य धरायला मला अडचण वाटत नाही, कारण ती घटनेला चिकटून लिहिलेली आहे. गावातली शेकडो माणसं त्या मिरवणुकीत होती. खोटं लगेच उघडं पडलं असतं.

त्या रात्री कोसॅक गाव सोडून गाचिनाकडे मागे हटले. 31 ला सकाळी एकही गोळी न झाडता रेड गार्ड आत आले. घरोघर झडत्या, धरपकड. धर्मगुरूंनाही पकडलं. आरोप असा की यांनी कोसॅकांच्या विजयासाठी प्रार्थना केली. फादर जॉन गप्प बसले नाहीत. तसं काही नव्हतं, प्रार्थना कशासाठी होती, हे ते समजावून सांगू लागले. तोंडावर ठोसे बसले. मग आरडाओरडा करत जमावाने त्यांना गावाबाहेरच्या विमानतळाकडे नेलं. एका नि:शस्त्र माणसावर बंदुका रोखल्या गेल्या. पहिली गोळी, दुसरी गोळी. ते पालथे पडले, पण जीव लगेच गेला नाही. तिथल्या एका रहिवाशाच्या पत्रात पुढचं येतं: पडलेल्या माणसाचे केस धरून ओढले गेले, कुणीतरी म्हणालं, कुत्र्यासारखा संपवून टाका. दुसऱ्या दिवशी प्रेत इस्पितळात आणलं, तेव्हा छातीवरचा चांदीचा क्रूस चोरीला गेलेला होता. हे सगळं त्यांच्या शाळकरी मुलाच्या डोळ्यांदेखत झालं अशी नोंद आहे.

पुढच्या काळात लिहिल्या गेलेल्या संतचरित्रांत आणखी छळाचे तपशील येतात. ते मी शिकवताना वापरत नाही. घटनेच्या जवळच्या कागदांत जेवढं आहे तेवढ्यावर मी थांबतो, आणि तेवढं पुरेसं भयंकर आहे. हुतात्म्यांच्या चरित्रात पिढ्यागणिक जखमा वाढत जातात. भक्ताच्या मनाला ते साहजिक वाटतं, पण विद्यार्थ्याने त्यापासून सावध राहावं.

आता प्रश्नाचा शेवटचा आणि खरा अवघड भाग. राजकारण की धर्म?

पहिली गोष्ट, ही हत्या वरून आलेल्या हुकमाने झाली नाही. 31 ऑक्टोबरला 'चेका' ही गुप्त पोलीस यंत्रणा जन्मलेलीही नव्हती. ती डिसेंबरात आली. चर्च आणि राज्य वेगळं करणारा आदेश जानेवारी 1918 चा. म्हणून धर्मगुरूंना मारायचं धोरण आखून कोचुरोव यांचा पहिला बळी घेतला असं कुणी म्हणत असेल तर ते चुकीचं आहे. लढाईतून आलेल्या, संतापलेल्या सशस्त्र जमावाने चौकशीशिवाय केलेला हा खून होता. त्या संतापाला मुळं होती हेही मान्य करावं लागेल. रशियन चर्च दोनशे वर्षं सरकारी खात्यासारखं चालत होतं. पीटर द ग्रेटने 1721 मध्ये पाट्रिआर्कपद, म्हणजे चर्चचं प्रमुखपद, रद्द करून तिथे सिनड हे मंडळ नेमलं आणि त्यावर झारचा अधिकारी बसवला. चर्चमध्ये झारच्या नावाने प्रार्थना व्हायच्या, त्याचे जाहीरनामे वाचले जायचे. खंदकातून परतलेल्या सैनिकाला झगा घातलेला माणूस आणि झार एकाच माळेचे मणी वाटत असतील तर नवल नाही.

पण म्हणून 'ही राजकीय हत्या' एवढं बोलून विषय संपवणं मला अन्यायाचं वाटतं. कोचुरोव यांनी हातात बंदूक घेतली नव्हती, कोसॅकांना आश्रय दिला नव्हता, कुठल्या पक्षाचं काम केलं नव्हतं. ज्या कृतीसाठी त्यांना पकडलं ती कृती म्हणजे प्रार्थना आणि मिरवणूक, धर्मगुरूचं नेमून दिलेलं काम. मारणाऱ्यांच्या मनात राजकारण असेल, पण मरणाऱ्याने जे सोडायला नकार दिला ते राजकारण नव्हतं. ऑर्थोडॉक्स चर्चची कसोटी हीच आहे. 'तुझा धर्म सोड' असं कुणी तोंडाने म्हणालं का, एवढ्यावर ती ठरत नाही. आपलं सेवाकार्य करताना, ते न टाकता, तो माणूस मेला का, हे पाहिलं जातं. शिकागोत ज्याने दीडशे किलोमीटरवरच्या खाणकामगारांना वाऱ्यावर सोडलं नाही, तो तोफा सुरू झाल्यावर रस्त्यावर आलेल्या लोकांना सोडून घरात बसला असता असं मला तरी वाटत नाही.

मॉस्कोत त्याच वेळी रशियन चर्चची महापरिषद भरलेली होती. 28 ऑक्टोबरला तिने पाट्रिआर्कपद पुन्हा सुरू करायचा ठराव केला. 5 नोव्हेंबरला चिठ्ठी काढून नाव निघालं तिखोन यांचं. म्हणजे शिकागोच्या चर्चचं पवित्रीकरण करणारा बिशप आता साऱ्या रशियाचा पाट्रिआर्क झाला होता, आणि हाती आलेल्या पहिल्या दुःखद बातम्यांत एक आपल्या जुन्या सहकाऱ्याच्या खुनाची होती. त्यांनी विधवा अलेक्झांड्रा वासिल्येव्हना यांना सांत्वनाचं पत्र लिहिलं. त्यात महापरिषदेच्या वतीने शोक आहेच, पण आपण त्यांना ओळखत होतो, त्यांच्या धडाडीची आपल्याला किंमत होती, असंही ते वेगळं लिहितात. सरकारी छापाच्या शोकपत्रात अशी ओळ येत नाही.

पुढे यादी वाढत गेली. जानेवारी 1918 मध्ये कीव्हला मेट्रोपॉलिटन (वरिष्ठ बिशप) व्लादिमिर यांना मारलं. 31 मार्च 1918 ला मॉस्कोत मारल्या गेलेल्यांसाठी पहिली स्मरण-लिटर्जी झाली, तेव्हा मेट्रोपॉलिटननंतर धर्मगुरूंमध्ये पहिलं नाव घेतलं गेलं ते जॉन कोचुरोव यांचं. 1922 मध्ये चर्चमधल्या मौल्यवान वस्तूंच्या जप्तीचं निमित्त करून खटले भरले गेले. त्यात पेट्रोग्राडचे मेट्रोपॉलिटन व्हेनियामिन यांना गोळ्या घातल्या. 1937 पर्यंत जमावाची गरजच उरली नव्हती. मॉस्कोबाहेर बुतोव्होच्या मैदानावर ऑगस्ट 1937 ते ऑक्टोबर 1938 या काळात 20,000 हून जास्त माणसं कागदोपत्री शिक्का मारून संपवली गेली, त्यात शेकडो धर्मगुरू आणि संन्यासी. या दोन टोकांत, त्सारस्कोये सेलोचा जमाव आणि बुतोव्होची यंत्रणा, फरक करायला विद्यार्थ्यांनी शिकलं पाहिजे. सगळ्याला एकच नाव देऊन टाकलं की कारणं शोधायचं काम थांबतं.

फादर जॉन यांना सेंट कॅथरिन कॅथीड्रलच्या तळघरात पुरलं होतं. हे कॅथीड्रल कोन्स्तांतिन तोन या वास्तुविशारदाचं. 1939 मध्ये ते सुरुंग लावून उडवलं आणि त्या जागी पुढे लेनिनचा पुतळा उभा राहिला. 2006 ते 2010 या काळात कॅथीड्रल पुन्हा बांधलं गेलं. रशियन चर्चने त्यांना संतपद दिलं ते 4 डिसेंबर 1994 ला, आणि त्यांच्याबरोबर आणखी एकाला: फादर अलेक्झांडर होतोवित्स्की, न्यूयॉर्कच्या सेंट निकोलस कॅथीड्रलचे, 1937 मध्ये बळी गेलेले. तिखोन यांना 1989 मध्येच संत घोषित केलं होतं. कोचुरोव यांचा स्मरणदिन 31 ऑक्टोबर, नव्या कॅलेंडरने 13 नोव्हेंबर. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉक्स पॅरिशांतही तो पाळला जातो.

आणखी वाचायचं असेल तर संतचरित्राने सुरुवात करू नका. 1890 च्या दशकातल्या अमेरिकन मिशनच्या मासिकातले त्यांचे स्वतःचे लेख आधी शोधा. पॅरिशमध्ये किती माणसं, शाळेत किती मुलं, कुठल्या खाणीत कोण, एवढाच रुक्ष मजकूर आहे त्यात. माणूस तिथे सापडतो.